धोंडूनानांचं नख

तुमच्या घरात बंदूक असेल तर एका प्रश्नाचं उत्तर द्या. तिच्यात तुम्ही जी गोळी ठासता, ती कशाची आहे?

‘शिशाची’ असं म्हणून पान उलटू नका. बंदूक कोणत्या विलायती कारखान्याची, नळी किती इंचांची, परवाना मिळवायला कोणाकोणाच्या ओळखी लावल्या, हे तुम्ही जेवणाच्या पंगतीत न विचारता सांगता. गोळीचं विचारलं की पाण्याचा तांब्या शोधू लागता. पण जनावराला लागते ती गोळी. नळी लागत नाही आणि परवाना तर नाहीच नाही.

हा युक्तिवाद माझा नाही, चौलच्या धोंडू तांबटांचा आहे. सारं चौल त्यांना धोंडूनाना म्हणतं. ते तांब्याची भांडी घडवतात, कोळ्यांच्या जाळ्यांना शिशाची वजनं ओतून देतात, आणि सरकारी परवान्यावर बंदुकीच्या गोळ्या करून विकतात. विकतात म्हणायचं इतकंच. त्यांच्याकडून गोळी मिळवणं हे पोरीला स्थळ मिळवण्याहून कठीण आहे.

नानांचं सगळं ज्ञान त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या नखात आहे. हे नख त्यांनी वाढवलेलं आहे. जाड, पिवळट, शिंपल्यासारखं. रोज आंघोळीनंतर ते त्याला कोकमतेल लावतात. डोक्याला लावण्याचा प्रश्न येत नाही, कारण तिथे केस नाहीत. समोर येईल त्या वस्तूवर हे नख रोवून बघायचं, ही त्यांची सवय. गूळ, साबण, मेणबत्ती, भोपळा, कचेरीतून आलेल्या पाकिटावरची लाख, कशालाही सुटका नाही. मी एकदा नव्या वहाणा घालून गेलो, तर बोलता बोलता त्यांनी खाली वाकून वहाणेचा तळ तपासला. “पावसाळा काडनार न्हाय,” म्हणाले. पहिल्या श्रावणात वहाण फाटली. मी तक्रार केली तेव्हा म्हणाले, “माज्याकडं काय तक्रार करतोस? घ्यायच्या आदी नखाला इचारायचं!”

‘नखाला इचार’ हे त्यांचं पालुपद. साहेब, शास्त्री, खोत, कोणाचंही मत त्यांच्यासमोर सांगा, उत्तर ठरलेलं.

शिशाचं त्यांचं शास्त्र ऐकण्यासारखं आहे, आणि बंदूकवाल्यांनी तर शिकण्यासारखं. चहाच्या पेटीच्या आत शिशाचा पातळ पत्रा असतो. तो निव्वळ शिशाचा, मऊ. नख लोण्यात जावं तसं जातं. त्याची गोळी भेकराला चालते. पण रानडुकराच्या खांद्यावर जाड कातड्याची ढाल असते. मऊ गोळी त्या ढालीवर आपटून चपटी होते, आत जातच नाही. उलट, नुसत्या कडक शिशाची गोळी केली तर ती आरपार जाते, बारीक भोक पाडते, आणि डुक्कर तसंच तीन डोंगर पलीकडे जाऊन दोन दिवसांनी तडफडून मरतं. म्हणून मऊ शिशात थोडं कडक घालायचं. किती? तर नख उमटलं पाहिजे, पण त्यासाठी दात-ओठ खायला लागले पाहिजेत.

हे प्रमाण त्यांनी पुस्तकात वाचलेलं नाही. केळीच्या खांबांवर काढलं आहे. चौलच्या वाड्यांमध्ये घड उतरवल्यावर केळी तोडतात. नाना ते खांब मागून आणतात, सात खांब एकामागे एक उभे करतात, पुढे म्हशीच्या कातड्याची दुहेरी घडी टांगतात आणि चाळीस पावलांवरून बार टाकतात. मग कोयत्याने एकेक खांब चिरून गोळी कुठे थांबली, कशी थांबली, ते बघतात. चहाच्या पेटीची गोळी दुसऱ्या खांबात थालीपीठ होऊन सापडते. योग्य गोळी तिसऱ्या खांबात उमलते आणि पाचव्यात थांबते. तिला अळंब्यासारखी छत्री आलेली असते. तशी सापडली की नाना ती तळहातावर घेऊन सगळ्या आळीला दाखवत फिरतात; कोणी बारशाचं बाळही इतकं फिरवत नसेल.

एकदा कडक गोळी सातही खांब पार करून शेजारच्या विहिरीवर गेली आणि रहाटाची दोन गाडगी फुटली. वाडीवाल्या काकू कमरेला पदर खोचून आल्या.

“धोंड्या, मेल्या, डुकरं परवडली, पन तू नको! वाडीचं शिपनं कशानं करू आता, तुज्या टकलानं?”

नाना फुटक्या गाडग्याची खापरं जुळवत बसले होते. “काकू, गाडग्याचं जाऊ दे. भोक किती बारीक हाय बघ! हितंच तर सगला घोटाला हाय!”

काकूंनी उरलेली खापरं त्यांच्या दिशेने भिरकावली. तेवढी नेमकी लागली.

माझी आणि त्यांची ओळख या कडक शिशावरूनच झाली. मी अलिबागला एका लहान छापखान्यात खिळे जुळवतो. खिळे म्हणजे छपाईची अक्षरं. ती शिशाचीच, पण त्यात दुसरे धातू मिसळून कडक केलेली असतात. दिवसा लग्नपत्रिका आणि भजनांच्या चोपड्या जुळवायच्या, आणि मालकाची नजर चुकवून खोतीविरुद्ध पत्रकं, हा माझा क्रम. एके दिवशी हा टकल्या गृहस्थ गोणपाट घेऊन दारात उभा राहिला आणि झिजलेले खिळे मागू लागला. कशाला, म्हणून विचारलं.

“डुकराच्या गोलीत घालाया.”

माझं रक्त उसळलं. मी लहानपणापासून पत्रकांवर वाढलो आहे. माझ्या वडिलांनी मला मुळाक्षरंसुद्धा एका सभेच्या पत्रकावरून शिकवली. मी सुनावलं, “ही अक्षरं आहेत! माणसांना जागं करायला आहेत. जनावरं मारायला नाहीत!”

“जागं झालं का कोन?”

 त्यांनी माझ्या हातातलं ताजं पत्रक घेतलं, सवयीने त्यावर नख रोवलं आणि ओठ हलवत, एकेक अक्षर लावत वाचलं. “कडक हाय,” म्हणाले. “लई कडक. खोताच्या आरपार जातं. आत उमलत न्हाय.”

त्या दिवसापर्यंत माझ्या लिखाणावर इतकी मुद्देसूद टीका कोणी केली नव्हती. मी त्यांना पिशवीभर झिजलेले ‘ण’ आणि ‘ळ’ दिले. नाना बोलताना ही दोन्ही अक्षरं क्वचितच वापरतात, पण गोळीत ती त्यांना चालली. नंतर दर रविवारी मी स्वतःच चालत चौलला जाऊ लागलो.

त्यांच्या पडवीत बसलं की गिऱ्हाइकांची परीक्षा बघायला मिळे. नाना कोळशाच्या शेगडीवर कढईत शिसं वितळवत असत. त्यात मेणाचा खडा टाकायचा, वर आलेली मळी पळीने काढायची, साच्याला दिव्याची काजळी धरायची आणि एका धारेत ओतायचं. साचा थंड असला की गोळीला सुरकुत्या पडतात; ती परत कढईत. तराजूत हलकी भरली की आत हवेचा बुडबुडा आहे. तीही परत कढईत. आणि हे चालू असताना, मान वर न करता, गिऱ्हाइकाला तीन प्रश्न.

पहिला: जनावर कोनतं?

एक पेन्शनर सुभेदार वाघाच्या सहा गोळ्या मागायला आले होते.

“वाघ कुठं हाय?” नानांनी विचारलं.

“अजून नाही. पण येईल की कधीतरी.”

“आला की घेऊन या. माप घेतो.”

दुसरा प्रश्न: किती पावलांवरून मारणार? इथे सगळे खोटं बोलतात. नाना सांगितलेल्या पावलांची निम्मी पावलं धरतात. गिऱ्हाईक कचेरीतलं असेल तर पाव.

या दोन प्रश्नांवर लोक हसत. तिसऱ्यावर मात्र हसू थांबे.

“आनि जखमी झालं, तर रगतावर कोन चालनार?”

ज्यांनी शिकार पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हाकारे रान उठवतात, जनावर पळत येतं, बंदूकवाला सुरक्षित जागेवरून बार टाकतो. जनावर जागीच पडलं तर ठीक. न पडलं तर ते दाट जाळीत शिरतं आणि मागे पानापानांवर रक्ताचे थेंब टाकत जातं. त्या थेंबांमागे कोणीतरी जावं लागतं. जाळीत डोळ्यांना काही दिसत नाही, आणि आत दुखावलेलं, चिडलेलं जनावर वाट बघत असतं. आमच्या मुलखात या कामाला कातकरी पाठवतात. बंदूकवाला तोवर चहा पितो. बदल्यात कातकऱ्याला मुंडकं नाहीतर पायांचे खूर मिळतात.

नानांचा नियम साधा. बार ज्याचा, त्याने रक्तावर चालायचं. ‘मी जाईन’ असं जो परमेश्वराला स्मरून सांगेल, त्यालाच गोळी. बाकीच्यांनी घरी जावं.

यालाच जोडून चौथी एक अट होती, आणि ती मला शुद्ध चक्रमपणा वाटे. मारलेली गोळी परत आणून दाखवायची. जनावराच्या अंगातून काढा, झाडातून काढा, पण आणा. ती कशी उमलली, हे त्यांना बघायचं असे. गिऱ्हाईक टाळाटाळ करील म्हणून शिकारीच्या दिवशी नाना स्वतःच रानात जात. हातात बंदूक नाही, फक्त काठी आणि गोणपाट. शपथ घेतलेला बंदूकवाला ऐन वेळी मागे रेंगाळे, आणि रक्ताच्या मागावर हाकाऱ्यांच्याही पुढे हा म्हातारा करवंदीच्या जाळ्यांतून घुसत असे. लोक म्हणत, तोळाभर शिशासाठी तांबट एक दिवस जीव देणार. मीही तेच म्हणत असे.

या कामात त्यांचा जोडीदार होता बारक्या कातकरी. नाव बारक्या, उंची साडेसहा फूट, वय नानांच्याच आसपास. चौलमध्ये नानांना ‘नान्या’ म्हणणारा तो एकटा.

“नान्या, ती नखी काप. बायकू मिलंल तुला.”

“तुला मिलाली, तू काय सुखी हायस?”

“मना मिलाली ती नख न व्हतं म्हनून.”

नानांची बायको तरुणपणीच गेली. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. असल्या विक्षिप्त माणसाकडे कोण राहणार, असं मी स्वतःला सांगून टाकलं होतं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ही गेल्या पौषातली आहे.

डोंगराच्या पायथ्याशी एका गावाचे खोत आहेत. नाव लिहीत नाही, वाचणाऱ्यांना कळेल. त्यांना कोणा अंमलदार पाहुण्याला खूश करायचं होतं. वालाच्या शेतांत डुकरांचा उपद्रव होता, म्हणून शिकार ठरली. पाहुण्यांकडे विलायती काडतुसं होती. बाकी खोतांचे अकरा सोयरे आणि मित्र ठासणीच्या बंदुकांचे. खोत स्वतः नानांच्या पडवीत आले. मी एका कोपऱ्यात खिळे निवडत बसलो होतो.

“धोंडू, चाळीस गोळ्या हव्यात. डुकराच्या.”

“बसा, खोतसायेब. किती पावलांवरनं?”

“ते आमचं आम्ही बघू.”

“बरं. जखमी झालं तर रगतावर कोन चालनार?”

खोत हसले. “म्हणजे काय? कातकरी जातील. त्यासाठीच तर बोलावतो त्यांना.”

नानांनी पळी कढईत ठेवली. “मंग गोली न्हाय.”

“काय?”

“बार तुमचा, तर चालायचं तुमी. त्यांच्या आईनं त्यांना काय तुमच्या डुकरासाठी जलम दिला?”

मला त्या वेळी वाटलं की उठून टाळ्या वाजवाव्यात. माझ्या अकरा पत्रकांत जे बसलं नव्हतं, ते या माणसाने शेगडीवरून न उठता सांगितलं होतं. खोतांचा चेहरा कढईतल्या शिशासारखा झाला. “तुझा परवाना कोणाच्या शिफारशीवर चालतो, ते विसरू नकोस,” म्हणाले आणि गेले.

त्या संध्याकाळी नाना मोठ्या थाटात होते. मी एक पत्रक लिहायला घेतलं. शीर्षकच दोन ओळींचं होतं.

पाच-सहा दिवसांनी खोतांचा एक गडी आला. खाडीकाठच्या खाजणातल्या जाळ्यांना वजनं हवी होती. नानांनी टोपलीतली तयार वजनं मोजून दिली. जाळ्याची वजनं म्हणजे मऊ शिशाचे गोल मणी. मध्ये दोरी ओवायला भोक. जाळ्याच्या शिशाला नाना कधीच प्रश्न विचारत नाहीत. मासा कोण मारतो, किती पावलांवरून, रक्तावर कोण चालतो, यातलं काहीच तिथे येत नाही. उलट त्यांना बरं वाटलं. “बग, रागवला म्हनून खोतानं धंदा न्हाय तोडला,” रविवारी मी गेल्या गेल्या मला म्हणाले.

शिकार त्याच रविवारी होती. मी नानांकडेच होतो. नाना गेले नाहीत. “गोली माजी न्हाय, तितं मी कशाला जाऊ?” असं म्हणून ते सकाळपासून शेगडीपाशी बसले होते. पण मन थाऱ्यावर नव्हतं. डोंगरावर बार झाला की हात थांबे. साचा गार पडे. सुरकुतलेल्या गोळ्या निघत, आणि त्या ते परत कढईत टाकत. दुपारपर्यंत एकही गोळी धड झाली नव्हती.

ऊन कलायच्या आत चार कातकरी बारक्याला बांबूच्या झोळीतून घेऊन आले. डुकराने मांडी गुडघ्यापासून वर फाडली होती. खोतांची गाडी पाहुण्यांना पोचवायला गेली होती, म्हणून हे तीन कोस खांद्यावर घेऊन आले होते. दवाखान्याच्या आधी ते नानांच्या दारात का थांबले? सवयीने. मारलेली गोळी नानांना दाखवायची असते, एवढंच त्यांना माहीत. एका म्हाताऱ्या कातकऱ्याने मुंडाशाच्या गाठीतून शिशाची चकती काढली. “डुकराचे खांद्यान होती, नाना. आत गेलीच नाय.”

नानांनी ती घेतली. मी बारक्याच्या मांडीला धोतर फाडून बांधत होतो, तरी माझं लक्ष त्या अंगठ्याकडे गेलं. नख रोवलं. नख आत गेलं. मग त्यांनी चकती उजेडात धरली. चपट्या शिशाच्या कडेला अर्ध्या भोकाची खोबण दिसत होती. दुसऱ्या अर्ध्यात मेण भरलेलं होतं.

“ही माजी हाय,” नाना म्हणाले.

पुढचं थोडक्यात सांगतो. डॉक्टरांनी टाके घातले. पाय राहिला, पण गुडघा वाकत नाही. दवाखान्यातून नानांनी बारक्याला सरळ आपल्या घरी आणलं आणि ओटीवर, स्वतःच्या खाटेवर निजवलं. तांबटांच्या आळीत कातकरी खाटेवर! जातीच्या पंचांनी निरोप पाठवला की यापुढे पंगतीत तुझं पान मांडणार नाही. नानांनी निरोप आणणाऱ्याला सांगितलं, “तसंबी माज्या शेजारी कोन बसत न्हाय, नख लागंल म्हनून. पंचांना सांग, एक पान वाचलं.”

आणि मग खोतांचा अर्ज आला. तालुक्याच्या कचेरीत त्यांनी लिहून दिलं की तांबटाने निकृष्ट गोळ्या विकल्यामुळे हाकारा जायबंदी झाला, सबब त्याचा परवाना रद्द व्हावा. वाचकहो, ही हिंमत बघा. जाळ्याच्या वजनांची भोकं मेणाने बुजवून, हातोडीने ठोकून, ज्यांनी ती बंदुकीत घातली, तेच आता फिर्यादी! तो गडी म्हणतो, मी कधी तांबटाकडे गेलोच नाही.

मामलेदारांनी नानांना विचारलं, “हे शिसं तुझं का?”

“व्हय.”

“तूच ओतलंस?”

“व्हय.”

एवढं लिहून घेतलं आणि फाल्गुनातल्या पहिल्या सोमवारची तारीख दिली. बाहेर येताच मी नानांवर तुटून पडलो. “जाळ्याचं होतं म्हणून का नाही सांगितलंत? तुम्ही गुन्हेगार नाही!”

“मी इचारलं न्हाय,” ते म्हणाले. “चार आन्याच्या भोपल्याला नख लावतो, आनि त्या गड्याला येक परश्न न्हाय इचारला.”



दुसऱ्या रविवारी मी त्यांच्यासाठी स्वच्छ कैफियत लिहून नेली. धारदार होती, मुद्दे क्रमाने होते. नानांनी ती न वाचता माझ्या हातात परत दिली आणि पाणी आणायला विहिरीवर गेले. ओटीवर मी आणि बारक्या राहिलो. मी चिडून म्हणालो, “चाळीस गोळ्या मुकाट्याने दिल्या असत्या तर निदान हे तरी टळलं असतं. डुक्कर जागीच पडलं असतं.”

खरं सांगतो, हा विचार मला कित्येक दिवस पोखरत होता. ज्या नकाराला मी टाळ्या वाजवणार होतो, त्याची किंमत बारक्याच्या पायाने दिली होती. आणि नानांनाही हेच खात असणार.

बारक्या खाटेवर उताणा, पाय सरळ. “चालीस गोल्यांन येक तरी चुकलीच अस्ती,” तो म्हणाला. “चांगली गोलीबी हात वाकडा असल तं चुकते. मंग रगतावं कोन जातं? मीच. गोली दे नाय तं नको दे, मीच.” मग म्हणाला, “त्याला वाटतं, मना ठावं नाय.”

“काय?”

“ते शिसं शोधाचं. बावीस वरसं झाली. रगत दिसलं का नान्या माज्या म्होरं. मी म्हनलं, सर बाजूला, तुज्याजवल बंदूक नाय, काय नाय. तं म्हनतो, माजी गोली हरवंल. अरं, गोली जनावराच्या पोटान, ती काय म्होरं पलून जाते? मेल्यावं काढता येती सावकास.” त्याने माझ्याकडे पाहिलं. “येकदा आमचा धाकला भाव गेला असाच. डुकरानं मारला. गोली नान्याची व्हती, लई कडक केली व्हती, आरपार गेलेली. तवाचा हा म्होरं चालतो. मी कंदी बोललो नाय. बोललो अस्तो तं लाजला अस्ता, आनि आला नस्ता.”

मी त्या केळीच्या खांबांकडे, शेगडीकडे, कोपऱ्यातल्या गोणपाटाकडे पाहत राहिलो. ज्याला मी विक्षिप्तपणा म्हणून चार मित्रांत रंगवून सांगत असे, ते बावीस वर्षांचं प्रायश्चित्त होतं, आणि नानांनी ते तोळाभर शिशाच्या लोभाखाली झाकून ठेवलं होतं.

नाना कळशी घेऊन आले. “काय सांगत व्हता रं हा लांबडा?”

“तू किती चिकट हायेस, ता सांगत व्हतो,” बारक्या म्हणाला.

नानांनी घंगाळात पाणी ओतलं, त्यात निंबाचा पाला टाकला आणि खाली बसून बारक्याचा पाय धुवू लागले. तो अंगठा त्यांनी तळहातात मुडपून धरला होता, जखमेला लागू नये म्हणून. चार बोटांनीच धूत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “गोली माजी न्हाय असं समजून मी घरी बसलो. येवडा येकच दिवस बसलो. ते लिवशील का तुज्या कैफियतीत?”

मी कैफियत फाडली. त्याऐवजी हे लिहिलं आहे.

नाना त्या सोमवारी कचेरीत पुन्हा ‘व्हय, माजंच’ एवढंच म्हणणार. त्यांना कोणी बदलू शकत नाही. बारक्या कातकरी, म्हणून त्याची साक्ष हलकी. मी पत्रकवाला, म्हणून माझी त्याहून हलकी. शिवाय गडी वजनं न्यायला आला तेव्हा मी नव्हतो, आणि शिकारीतही नव्हतो. पण त्या दिवशी बंदुका घेऊन बसलेले तुम्ही अकरा जण होतात. तुमच्यापैकी एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायला आमच्याकडे आले होते, आणि खिळे जुळवणारा कोण आहे हे माहीत नसल्यामुळे हसत हसत बोलून गेले, “खोतांनी तर भोकाच्या गोळ्या वाटल्या हो! आम्हाला कळेना, बार टाकायचा की जाळं!” म्हणजे तुम्ही त्या पाहिल्या होत्या. हातात घेतल्या होत्या. त्यावर विनोदही केला होता.

तुमच्यापैकी बहुतेकांना वाचता येतं, आणि हे मासिक खोतांच्या दिवाणखान्यातही जातं, हे मला ठाऊक आहे. ज्यांच्या हाती हे पडेल पण जे त्या दिवशी तिथे नव्हते, त्यांनी हे पान त्या अकरांपैकी ओळखीच्या माणसापुढे धरावं आणि तो शेवटापर्यंत वाचेपर्यंत तिथून हलू नये.

आणि तुम्ही अकरा जण: मी तुम्हाला खोतांशी भांडायला सांगत नाही, नानांची स्तुतीही करायला सांगत नाही. फक्त त्या सोमवारी, हुकूम लिहिला जाण्याआधी, कचेरीत या. एक जण आला तरी पुरे. आपलं नाव सांगा आणि साहेबांना चार शब्द लिहून घ्यायला लावा: त्या गोळीला भोक होतं.